मेसच्या खाड्याचं कोडं: मुलाखतींच्या ढिगातून एका बटणापर्यंत (प्रकल्प नोंदी)

आम्ही तिघं आहोत. डिझाइन मी बघते, प्रोग्रामिंग एक मित्र बघतो आणि पैसे व बाकीचं सगळं एक मैत्रीण. पुण्यात पेठांमधल्या मेससाठी ॲप करायचं ठरलंय. सदाशिव, नारायण, नवी पेठ, शास्त्री रस्ता: स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि दोन वेळ मेसला जेवतात, तो सगळा पट्टा. जूनमध्ये मुलाखती घेऊन झाल्या. मुलाखत कशी घ्यावी याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. घेतलेल्या मुलाखतींच्या ढिगातून ‘हे करायचं, हे नाही’ इथपर्यंत कसं यायचं, यात आमचा सव्वा महिना गेला. त्याच्या या नोंदी. जशा लिहिल्या तशाच ठेवल्यात, फक्त शिव्या काढल्या.

१ जुलै २०२५, मंगळवार

हातात काय आहे ते आधी लिहून ठेवते. २२ मुलाखती: १५ विद्यार्थी, ७ मेस चालवणारे. एकूण १७ तासांचं रेकॉर्डिंग, १४० च्या आसपास फोटो. विद्यार्थ्यांना प्रत्येकी २०० रुपये दिले. मेसवाल्या काकूंपैकी कोणीच पैसे घेतले नाहीत, उलट जेवून जायचा आग्रह केला. त्यामुळे आम्ही कूपन काढून जेवलो.

नावं कुठेच ठेवली नाहीत. विद्यार्थी वि-१ ते वि-१५, मेस मे-१ ते मे-७. कोण कुठला आकडा ते एका वेगळ्या फाइलमध्ये, आणि तिला पासवर्ड. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा मैत्रिणीने वाचून काढला होता. संमती कोणत्या कामासाठी घेतोय ते स्पष्ट सांगायला हवं, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याचा उपयोग आजच झाला. वि-११ चा फोन आला, ‘ताई, अभ्यासिकेतल्या भांडणाचं बोललो तेवढं काढून टाका.’ दोन मिनिटांत काढलं.

३ जुलै, गुरुवार

दीड दिवस आणि १,६५० रुपये पाण्यात.

रेकॉर्डिंगचं लिखाण मशीनकडून करून घ्यायचं म्हणून एका सेवेचं महिन्याचं शुल्क भरलं. शांत खोलीतल्या तीन मुलाखती बऱ्यापैकी उतरल्या. बाकीच्या मेसमध्येच घेतलेल्या: मागे मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, स्टीलच्या ताटांचा खणखणाट. त्यात बोलणारी पोरं बीड, परभणी, लातूरकडची. मशीनला त्यांचं बोलणं झेपलं नाही.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो नेमका आमच्या कामाच्या शब्दाने. खाडा, म्हणजे मेसच्या जेवणाला पडलेली दांडी, जिच्या पैशांवरून महिनाअखेरीस भांडणं होतात. मशीनने त्याचा कुठे ‘खड्डा’ केला, कुठे ‘काढा’, कुठे ‘गाडा’. ‘महिन्यात माझे सहा खड्डे झाले’ हे वाक्य मी वाचून पुढे गेले. पुण्यात राहून त्यात काही खटकलं नाही.

शंका आली ती शोधताना. सगळ्या लिखाणात ‘खाडा’ शोधला तर ९ वेळा सापडला. म्हटलं, लोकांना खाड्याचं फारसं पडलेलं दिसत नाही. मग वि-४ ची मुलाखत सहज कानाने ऐकली, तर एकट्या त्याच्यात ७ वेळा! (नंतर जोडलेलं: पुढे सगळं ऐकून झालं तेव्हा आकडा ६४ निघाला.)

आता ठरलंय असं: ८ मुलाखती शब्दशः लिहायच्या, बाकी १४ ऐकत फक्त कामाचे तुकडे, मिनिटांच्या खुणेसकट. एका तासाच्या रेकॉर्डिंगला शब्दशः लिहायला चार तास लागतात. तिघांत वाटून घेतलं.

५ जुलै, शनिवार

कान दुखतायत. रात्री मे-३ कडे जेवायला गेलो. उद्या आषाढी एकादशी. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं: ‘उद्या फराळ: खिचडी, भगर, आमटी. ज्यांना जेवण पाहिजे त्यांनी आज ८ पर्यंत सांगणे.’ फोटो काढला. आमटी आवडते म्हणून.

८ जुलै, मंगळवार

ऐकून झालं. आता चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, खाली कोण आणि कितव्या मिनिटाला. अप्पा बळवंत चौकातून ४८० रुपयांच्या चिकट चिठ्ठ्या आणल्या. एकूण ४१२ लिहून झाल्या आणि मग मैत्रिणीने वीसेक वाचून विचारलं, ‘हे त्या म्हणाल्या, की तुम्ही म्हणताय?’

उदाहरणार्थ, माझी चिठ्ठी: ‘काकूंना तंत्रज्ञान नको आहे.’ रेकॉर्डिंगमध्ये मे-२ काय म्हणाल्या? ‘फोन त्या पिठाच्या डब्यावर असतो बघ. कणकेचे हात लागले की चालतच नाही तो.’ नकोय कुठे म्हणाल्या त्या? हात रिकामे नाहीत म्हणाल्या. या दोन वाक्यांतून दोन वेगळी ॲपं तयार होतात.

मग रंग ठरवले. पिवळी चिठ्ठी म्हणजे माणूस बोलला ते, त्याच्या शब्दांत. हिरवी म्हणजे आम्ही डोळ्यांनी पाहिलं ते. गुलाबी म्हणजे आमचा तर्क. नमुना म्हणून भिंतीवर एक हिरवी लावून ठेवली: ‘मे-३ ची हजेरीची वही: बरीच खाडाखोड.’ पाहिलं ते लिहिलं, विषय संपला. त्या धर्तीवर बाकीच्या तपासल्या. १३० चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागल्या. एक अख्खा दिवस.

९ जुलै, बुधवार

सकाळी खोली उघडली तर निम्म्या चिठ्ठ्या जमिनीवर. रात्रभर पाऊस, भिंतीला ओल, गोंदाने मान टाकली. सुदैवाने प्रत्येकीवर क्रमांक होता. कुठली कुठे होती ते मात्र गेलं. यापुढे दोन गोष्टी: सगळ्या चिठ्ठ्या शीटमध्येही, आणि उठताना रोज भिंतीचा फोटो. पावसाळ्यात चिकट चिठ्ठ्यांच्या भरवशावर राहू नका.

११ जुलै, शुक्रवार

ढीग लावले. जेवणाचा दर्जा, मेनू, पैसे, खाडा, वेळा, स्वच्छता, इतर. भिंत फार सुंदर दिसत होती. प्रत्येक ढिगात किती जण ते मोजलं. ‘मेनू आधी कळावा’ यात १५ पैकी ११ विद्यार्थी. मित्र म्हणाला, ‘अकरा! अजून काय पाहिजे?’ मेनूचा स्क्रीन पहिल्यांदा करायचा ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला निर्णय, एवढंच इथे लिहून ठेवते.

१५ जुलै, मंगळवार

मेनूचा स्क्रीन रद्द. मित्राचे तीन दिवस गेले, तो माझ्याशी सध्या कामापुरतंच बोलतोय.

झालं असं. मे-५ ना सहज विचारलं की आदल्या दिवशी मेनू टाकाल का. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी कोबी सांगितला आणि सकाळी मंडईत फ्लॉवर स्वस्त मिळाला, तर काय करू? कोबीच आणू?’ म्हणजे मेनू रात्री ठरतच नाही. तो सकाळी भाजीच्या भावावर ठरतो.

मग ते अकरा जण कुठून आले ते पाहायला परत रेकॉर्डिंगकडे गेले. प्रत्येक वेळी त्या मिनिटाच्या आधी माझाच आवाज. ‘उद्याचा मेनू आज कळला तर आवडेल का?’ आवडेल की! कोण नाही म्हणेल? अकरातल्या नऊ जणांनी फक्त ‘हो ताई, भारी होईल’ एवढंच म्हटलेलं. स्वतःहून मेनूचा विषय काढणारे दोन.

शीटमध्ये एक रकाना वाढवला: ‘आपणहून / विचारल्यावर’. ४१२ चिठ्ठ्यांना तो भरायला सहा तास लागले, आणि आतापर्यंतचे सगळ्यात सत्कारणी लागलेले सहा तास तेच. फक्त ‘आपणहून’ वाल्या गाळून पाहिल्या तर मेनूचा ढीग जवळजवळ उडाला. उरले ते खाडा आणि पैसे, तेही एकमेकांत गुंतलेले.

आणखी एक चूक कळली. चिठ्ठ्यांचे असे ढीग लावायची पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानववंश अभ्यासकाची, त्याच्या आडनाव-नावाच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. तिच्यात आधी चिठ्ठ्या जवळ येऊ द्यायच्या आणि नाव नंतर द्यायचं. आम्ही सात नावं आधी लिहिली आणि चिठ्ठ्या त्यांत कोंबल्या. ही नावं कुठून आली? आमच्या जूनच्या प्रश्नावलीतून. आम्ही आमचेच प्रश्न भिंतीवर पुन्हा लावून बसलो होतो.

१७ जुलै, गुरुवार

आज मी आणि मैत्रिणीने त्याच ४० चिठ्ठ्या वेगवेगळ्या बसून, एकमेकींचं न बघता, टॅग केल्या. जुळल्या २३. मला वाटलं तिचं लक्ष नव्हतं, तिला वाटलं माझं.

न जुळलेल्या १७ समोर ठेवल्या. त्यातल्या ११ खाड्याच्या! मी ज्याला ‘खाडा नोंदवला नाही’ असा टॅग दिला होता, त्याला तिने ‘खाडा झालाच नाही’ असा दिलेला. तासभर भांडलो. मग लक्षात आलं की आम्ही भांडत नव्हतो. मी विद्यार्थ्यांच्या मुलाखती लिहिल्या होत्या, तिने काकूंच्या. ती काकूंची बाजू बोलत होती आणि मी पोरांची.

वि-९: ‘मी सहा दिवस जेवलोच नाही, तर सहा खाडे झाले ना.’
मे-१: ‘न सांगता राहिला तर त्याला खाडा कसं म्हणणार? त्याचं जेवण मी केलंय.’

पोरांच्या लेखी खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. काकूंच्या लेखी खाडा म्हणजे आधी सांगून न जेवलेला दिवस. शब्द एकच, आणि महिनाअखेरीस दोघंही खरं बोलत असतात. आम्ही जूनपासून समजत होतो की अडचण नोंद ठेवण्याची आहे. कुणाचं तरी विसरतं, वहीत राहून जातं, ॲपने नोंद चोख झाली की भांडण मिटेल. तसं ॲप केलं असतं तर भांडण चोखपणे नोंदवलं गेलं असतं.

मित्र आज पहिल्यांदा आपणहून बोलला. म्हणाला, ‘बरं झालं मेनूतच वेळ गेला, याचा कोड लिहायला घेतला असता तर?’

१९ जुलै, शनिवार

विषयांचे ढीग पूर्ण मोडले. चिठ्ठ्या आता वेळेप्रमाणे लावायच्या ठरवल्या: ती गोष्ट दिवसात किती वाजता घडते? भिंत ओलीच आहे, म्हणून खोलीत आडवी सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे आणले. दोन्ही मिळून ९० रुपये. डावीकडे पहाटे ५, उजवीकडे मध्यरात्र. सुतळीच्या वर काकू, खाली विद्यार्थी. ज्या चिठ्ठ्यांना वेळच नव्हती (‘भाजीत तेल फार’ वगैरे) त्या बाजूला, जवळजवळ १५०.

तासाभरात चित्र दिसायला लागलं. वरच्या बाजूला काकूंच्या चिठ्ठ्या दोन ठिकाणी दाटलेल्या. एक रात्री ८ ते ९: उद्याची मटकी, चवळी, हरभरा भिजत घालायची वेळ. दुसरी सकाळी ९ ते १०: तांदूळ किती घ्यायचा, कणीक किती मळायची, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना किती उंड्यांचं काम सांगायचं. सुतळीच्या खाली पोरं कुठे दाटलेली? दुपारी साडेबारा ते एक. ‘आज टेस्ट लांबली.’ ‘मित्राचा वाढदिवस, मिसळ खायला गेलो.’ ‘झोप लागली.’ त्या वेळी वर काकूंची एकही निर्णयाची चिठ्ठी नाही. पातेली उतरलेली, पोळ्या डब्यात.

म्हणजे पोरं ठरवतात त्या वेळी काकूंच्या हातात काही उरलेलं नसतं. दुपारी बारा वाजता ‘आज जेवणार का?’ अशी सूचना पाठवायचा आमचा लाडका बेत होता. पोराने प्रामाणिकपणे ‘नाही’ दाबलं असतं, काकूंचा काही फायदा नाही, आणि पोराला वाटलं असतं की आपण सांगितलंय, खाडा पडला. भांडणाला आम्ही पुरावा पुरवला असता.

फोन चाळताना आषाढीच्या आदल्या दिवशीचा फळ्याचा फोटो सापडला. ‘आज ८ पर्यंत सांगणे.’ चौदा दिवस तो माझ्या फोनमध्ये आहे. आम्ही सुतळी बांधून जे शोधलं ते काकूंनी खडूने लिहून ठेवलं होतं.

२२ जुलै, मंगळवार

मित्राचा मुद्दा: ‘पाच माणसं बास असं म्हणतात ना, आपण बावीस झालो.’ ते पाच जेकब निल्सनच्या २००० सालच्या लेखातले, आणि तो लेख आहे तयार स्क्रीन वापरून बघायच्या चाचणीबद्दल. लोकांचं आयुष्य समजून घ्यायच्या मुलाखतींना तो आकडा लावता येत नाही. शिवाय पाच कोण? पोरं की काकू?

आम्ही वेगळं तपासलं: शेवटच्या मुलाखतीने नवीन काय दिलं? वि-१३, १४, १५ यांनी जवळजवळ काही नाही, सगळं आधीच सुतळीवर होतं. मे-७ ने मात्र नऊ नव्या चिठ्ठ्या दिल्या. त्या फक्त डबे पोचवतात, बसून जेवायची सोय नाही. म्हणून तशाच आणखी दोघींना भेटलो, दोन दिवस गेले. त्यांचा खाडा निराळाच. तिथे प्रश्न पोळ्यांचा नाही, डबा पोचवणाऱ्या पोराच्या फेरीचा आहे. आणि रात्री भरलेला डबा तसाच परत येतो त्याचा. तो धंदाच वेगळा आहे. पहिल्या खेपेला डबेवाल्या मेस घ्यायच्या नाहीत. मैत्रीण हळहळली, कारण पैसे तिकडे जास्त आहेत.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. निर्णयांचा कागद केला. प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी: काय पाहिलं (चिठ्ठीचे क्रमांक), किती खात्री, काय करणार, आणि काय दिसलं तर आपण चुकलो असं मानायचं. हा शेवटचा रकाना भरताना तिघंही गप्प बसतो. भरता आला नाही म्हणून दोन निर्णय काढून टाकले.

उरलेले तीन. ‘आज जेवलो नाही’ हे बटण ठेवायचंच नाही, फक्त ‘उद्या नाही’, आणि त्याची अखेरची वेळ मेसने ठरवायची. ती वेळ टळली तरी बटण लपवायचं नाही, कारण उशिरा का होईना आकडा कळलेला काकूंना बराच वाटतो. फक्त स्पष्ट लिहायचं: ‘आता खाडा धरला जाणार नाही, पण काकूंना कळेल.’ आणि काकूंच्या फोनवर यादी वगैरे काही नाही, रात्री आणि सकाळी एकच मोठा आकडा. हात कणकेत असताना लांबून दिसेल असा.

मित्राला त्या आकड्याचं पुढे पिठाच्या किलोत रूपांतर करायचं होतं. मे-२ ना विचारलं. ‘कणकेचा अंदाज माझा मला आहे. तू पोरं किती ते सांग.’ तो बेत तिथेच संपला.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. स्क्रीन कागदावर छापून (२२० रुपये, रंगीत छापायची काही गरज नव्हती) पाच विद्यार्थ्यांसमोर ठेवले. इथे पाच चालतात.

पहिल्याच पोराने ‘उद्या नाही’ दाबलं आणि म्हणाला, ‘रात्रीचं जेवणार आहे हं.’ दुपार आणि रात्र वेगळी हवी, हे आम्हाला कसं सुचलं नाही देव जाणे.

दुसरं जास्त मजेशीर. वि-६ म्हणाला, ‘ताई, मी हे रात्री साडेबाराला दाबणार, अभ्यासिकेतून आल्यावर. तेव्हा उद्या म्हणजे कधी?’ घड्याळाप्रमाणे उद्या म्हणजे परवा. त्याच्या डोक्यात उद्या म्हणजे झोपून उठल्यावरचा दिवस. पाचही जणांना विचारलं, पाचही तसंच म्हणाले. हा शब्दच काढून टाकला. आता बटणावर सरळ ‘मंगळवार २९ जुलै, दुपार’ असं येतं.

तिसरं: उपवास. पाचातल्या चौघांचा आज सोमवार होता आणि चौघांनीही विचारलं की फराळाला कुठलं बटण. उपवासाचं पोर हजर आहे, पण पोळी खाणार नाही, खिचडी खाणार. खाडाही नाही आणि जेवणही नाही. परत येऊन ‘इतर’ नावाच्या ढिगात पाहिलं, तर उपवासाच्या तीन चिठ्ठ्या जूनपासून तिथे पडलेल्या. मग तो अख्खा ढीग, ५८ चिठ्ठ्या, पुन्हा वाचला. ‘इतर’ म्हणजे विचार करायचा कंटाळा आला तिथे टाकलेल्या चिठ्ठ्या, हे आमच्यापुरतं तरी खरं निघालं.

२ ऑगस्ट, शनिवार

आतापर्यंत कळलं ते मे-५ ना सांगायला गेले. खाड्याचे दोन अर्थ वगैरे, सुतळीचा फोटोही दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, गल्ल्यातून मेसचं कार्ड काढलं आणि उलटं करून माझ्या हातात दिलं. मागे छापलेलं: ‘सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.’

हा तिसरा अर्थ! आणि तो छापील.

नऊ मेसवाल्यांना भेटलो आम्ही. कार्डाच्या पुढच्या बाजूचे फोटो आहेत: तारखांचे चौकोन, टिकल्या, शिक्के. मागची बाजू कोणीही पाहिली नाही. आज दिवसभर फिरून सहा मेसची कार्डं उलटी करून पाहिली. चार वेगवेगळे नियम. कुठे तीन दिवस सलग, कुठे महिन्यात जास्तीत जास्त पाच, कुठे खाड्याचे पैसे परत नाहीत पण तेवढे दिवस पुढे वाढवून मिळणार, एका ठिकाणी नुसतंच ‘खाडा बंद’. पोरांना विचारलं तर मागे काहीतरी लिहिलंय एवढंच ठाऊक.

निर्णयांच्या कागदावर भर: नियम आम्ही ठरवायचा नाही. प्रत्येक मेसचा नियम, त्यांच्या कार्डावरच्याच शब्दांत, बटणाच्या अगदी खाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

हिशोब. विद्यार्थ्यांना ३,०००. मशीनचं लिखाण १,६५०. चिठ्ठ्या ४८०, सुतळी-चिमटे ९०, छपाई २२०. मेसमध्ये जेवलो त्याची १४ कूपनं, ९० च्या दराने १,२६०. एकूण ६,७००. वाया गेलेला वेळ: मशीनमुळे दीड दिवस, चिठ्ठ्या पुन्हा लिहिण्यात एक, मेनूत तीन. कूपनांचे पैसे मैत्रिणीला उगाच वाटतात. मला नाही वाटत, फळा तिथेच दिसला.

१० ऑगस्ट, रविवार

बुधवारपासून मे-३ कडे प्रयोग सुरू आहे. ॲप नाहीच. पोरांनी मला व्हॉट्सॲपवर कळवायचं, मी काकूंना रात्री ८ आणि सकाळी ९ ला एक आकडा पाठवायचा. ६२ पोरांची मेस, ३८ जण सामील झाले. बाकीचे येणारच असं धरायचं.

बुधवार दुपार: पाठवला ५४, जेवले ४९. गुरुवार: ५५, जेवले ५२. कमी येणार हे अपेक्षित होतं, न सांगणारे राहणारच.

काल शनिवार, राखी. पोरं शुक्रवारीच गावाकडे निघालेली. मी पाठवलेला आकडा ३१, जेवले ३४. उलटं झालं. मी पावणेएकला तिथेच होते. नाही म्हणून कळवलेला एक जण पाठीवर सॅक घेऊन दारात उभा. स्वारगेटला गाड्या भरलेल्या, चढायलाच मिळालं नाही, परत आला. त्याच्यामागे आणखी दोघं. काकूंनी काही न विचारता ताटं वाढली.

मी म्हटलं, ‘काकू, यांचा खाडा लागलाय.’

‘अगं, सणाचं पोरगं दारात आलं, त्याला काय सांगू, तुझा खाडा पडलाय म्हणून?’

‘मग आता खाडा धरायचा की नाही?’

त्यांनी हात पुसले, वही ओढली, आणि त्या तिघांच्या चौकोनात सकाळीच लिहिलेल्या ‘खा’भोवती पेनने गोल केला.

‘हे काय?’

‘सांगून राहिला होता, पण आला. महिन्याच्या शेवटी असे गोल बघते आणि ठरवते. रोजचा शहाणा असेल तर सोडून देते.’

‘कधीपासून करता ही खूण?’

‘मेस काढल्यापासून.’

घरी येऊन जूनमधला त्या वहीचा फोटो मोठा करून पाहिला. एका पानावर चार गोल आहेत. एकदोन ठिकाणी गोलावर पुन्हा काट मारलेली, बहुतेक सोडून दिलेल्यांची. उद्या विचारते. नमुन्याची म्हणून भिंतीवर लावलेली ती हिरवी चिठ्ठी अजून तिथेच आहे: ‘मे-३ ची हजेरीची वही: बरीच खाडाखोड.’ ती काढली, गुलाबी कागदावर उतरवून घेतली आणि सुतळीवर पावणेएकच्या जागी, वरच्या बाजूला चिमट्याने लावली.